माळावर काहीच नाही म्हणतात

आबा, तुम्ही मेंढरं घेऊन ज्या माळावर बसायचात, तिथे आता कुंपण आहे आणि आत जायला तिकीट लागतं. निसर्ग उद्यान म्हणतात त्याला. मला फुकट सोडतात, कारण मी तिथली फुलपाखरं मोजते. हसू नका. यासाठीच पोरीला शिकवलं का, असं तुम्ही नक्की म्हणाला असतात.

काम तसं सोपं. तळ्याच्या काठाने, फुलबागेतून आणि शेवटी माळावरून एकाच संथ चालीने जायचं, आपणहून दिसेल तेवढंच लिहायचं. गवताला हात लावायचा नाही, नियमच तसा. बागेत लिहून लिहून हात दुखतो आणि माळावर पान जवळपास कोरं राहतं. मी उन्हात उभी असते आणि मला तुम्ही दिसता. घोंगडी अंथरण्याआधी गवतावरून हलकेच काठी फिरवताय. नखाएवढी करडी-निळी फुलपाखरं उठतात. "उटा की जरा, बसायचंय मला," असं त्यांना म्हणताय, आणि मग माझ्याकडे वळून, "बग, हितं बी लई वस्ती हाय."

परवा बैठक झाली. तिन्ही जागांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि उद्यानाचे साहेब म्हणाले, "मॅडम, माळावर तर काहीच नाही. तिथेही फुलझाडं लावून टाकू." माझं डोकंच फिरलं. बागेतली फुलपाखरं सोलापुरात कुणाच्याही गच्चीतल्या कुंडीवर येतात, माळावरची मात्र बागेत एकदाही दिसलेली नाहीत, हे मी तावातावाने सांगितलं. "बघू," म्हणाले. आज मी माळावर गेले तर रोपांसाठी खड्डे खणून तयार. तुमच्या बसायच्या जागेवरही एक.

मोजणी संपल्यावर मी छत्री गवतावरून फिरवली. थोडी फुलपाखरं उठली. "उटा की जरा" म्हणायला गेले आणि रडूच कोसळलं. किती वर्षांनी रडले तुमच्यासाठी! मग तिथेच खड्ड्याच्या कडेला बसून राहिले.

उद्या पुन्हा साहेबांकडे जाणार आहे. तिथे फुलपाखरांचंच बोलेन, दुसरं काय बोलणार? हे तिथे सांगण्यासारखं नाही आणि पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून नुसतंच लिहून ठेवते. आबा, फुलपाखरं गेली तर मला वाईट वाटेलच. पण मी भांडतेय ती तुमच्यासाठी. तुम्ही बसलेले मला अजून दिसता, अशी तेवढी एकच जागा राहिली आहे.