पडलेला दगड

३ मार्च
आलो एकदाचा! खोली झकास आहे, खिडकी थेट रानाकडे उघडते. रानातल्या जुन्या दगडी भिंती मोजायचं काम खात्याने माझ्या गळ्यात घातलंय. त्या कुणी बांधल्या, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. आत घर नाही, शेत नाही. झाडांमधून नुसत्या धावत सुटल्यात. घरमालकीणबाई म्हणाल्या, मोजा खुशाल, पण खाली पडलेला दगड उचलून भिंतीवर ठेवू नका, ओलांडून जा. मी मान डोलावली. बायको बारा तारखेला येईल, मग खोलीला घरपण येईल.

४ मार्च
पहिली भिंत एकशे बारा मीटर भरली. टेपच्या वाटेत एक दगड पडला होता. मला पसारा बघवत नाही आणि बायको माझ्याहून कडक. चष्मा कपाळावर सरकवून ती घरभर चपला सरळ करत फिरते आणि मग चष्मा शोधते! दगड उचलला, भिंतीच्या खाचेत ठेवला. असा चपखल बसला की स्वतःवरच खूश झालो. घरमालकीणबाईंना सांगितलं नाही, उगाच डोकं खातील.

५ मार्च
तीच भिंत आज एकशे तेरा. वीस वर्षं टेप धरतोय, अशी चूक कधी झाली नव्हती. आणखी तीन दगड पडलेले दिसले. तेही ठेवले. का, कोण जाणे.

६ मार्च
एकशे सोळा. सकाळी रानात गेलो आणि एकदम दुपार झाली; मधलं काही आठवत नाही. नखं तुटलीत, तळहात सोललेत. घरमालकीणबाईंनी हात पाहिले. त्यांचे यजमानही असेच टापटिपीचे, म्हणाल्या. एक दगड ठेवला की हात आपले राहत नाहीत. यजमान कुठे आहेत, हे विचारायचा धीर झाला नाही. भिंती कुणी बांधल्या ते मात्र कळलं. माझ्यासारख्यांनी. फार भीती वाटतेय.

७ मार्च
स्टेशनकडे निघालो, पाय रानात वळले. घरमालकीणबाईंना विनवलं, बायकोला फोन करून येऊ नको म्हणा. तिला वाटलं मी आजारी आहे. उद्याच निघते म्हणाली. काय करून बसलो मी!

८ मार्च
भिंतीशीच आहे. पलीकडे एक म्हातारा दगड रचतोय. बोलत नाही, नुसता रडतो. यजमान तेच असावेत. दुपारी हात घटकाभर सुटतात, तेवढ्यात लिहितो. पाय मात्र—

९ मार्च
ती आली. झाडांतून मला हाका मारतेय. घरमालकीणबाई मागून धावताहेत, फार मागे राहिल्या. ओरडायला गेलो, आवाज फुटत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून वही दाखवतोय—

दगड उचलू नकोस

माझ्या पायाशी एक पडलाय— तिची नजर गेली—

उचलू नकोस

वाच ना गं— चष्मा कपाळावर— अगं, वहीकडे बघ— वाकली—