पाठमोरं बोलणं

प्रिय ठकू,

अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. सव्वीस वर्षं बाटल्या भरायच्या कारखान्यात काढली, तिथल्या खणखणाटाने कान गेले, पण अक्षर कधी असं बिघडलं नव्हतं.

गेल्या वर्षी तू माझ्या फोनवर त्या शोधाशोध करून देणाऱ्या कंपनीचं ॲप घालून दिलंस, समोरचा बोलेल ते लिहून दाखवणारं, तेव्हा आपण किती हसलो होतो! तू म्हणालीस, भाजी चिरून ठेवलीय, आणि पडद्यावर उमटलं, ‘भाची चिरून ठेवलीय.’ तुझ्या मावशीला कळवलं तर म्हणाली, माझ्या लेकीला कशाला चिरता गं? निघताना तू हळूच म्हणालीस, यांना नको सांगूस, उगाच चेष्टा करतील. मी नाही सांगितलं. जावयांना अजून वाटतं की मी फक्त ओठ वाचते.

खरं सांगू, त्या कंपनीने मला पुन्हा माणसांत आणलं. नकाशा बघत मी एकटी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाऊ लागले. कुणाला विचारायची लाज वाटावी अशा गोष्टी शोधायच्या त्या पांढऱ्या चौकटीला विचारू लागले. ती माझ्यावर ओरडत नाही. बहिऱ्या माणसाला त्याचं किती अप्रूप असतं, ते तुला काय सांगू!

गुडघ्याच्या उपचारांसाठी तुझ्याकडे दोन आठवडे राहायला आले. पहिला आठवडा जावयांनी मला हातावर झेललं. पायाखाली उशी काय, आयता चहा काय! मनात म्हटलं, लेकीने नशीब काढलं.

दुसऱ्या सोमवारी मी बातम्या वाचायला ॲप लावलं होतं. टीव्ही बंद केला, पण फोन मांडीवर तसाच चालू राहिला. तू टेबल पुसत होतीस. ते आपल्याकडे पाठ करून कप विसळत होते. पडद्यावर अक्षरं आली, ‘पावणेपाचला कुठे होतीस? नकाशात सोळा मिनिटं एकाच जागी दिसत होतीस.’ मग थोड्या वेळाने, ‘आईने विचारलं तर बोट दारात सापडलं म्हणायचं.’ लगेच ते वळले आणि हसून मला विचारलं, साखर पुरे ना? मी मान हलवली. तेव्हा तुझा उजवा हात फडक्याखाली होता. दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी दिसली, आणि मी विचारायच्या आधीच तू म्हणालीस, दारात सापडलं. मी म्हटलं, हो का! त्या ‘हो का’बद्दल मला माफ कर.

भाजीची भाची करणारं यंत्र ते, चुकलं असेल, अशी दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. मग तुझ्या मानेवरचे वळ दिसले. तू ओढणी सारखी केलीस, मी नजर वळवली. त्या दुपारी तुम्ही दोघं जेवायला घरी आलात तेव्हा मी मुद्दाम फोन चालू ठेवून स्वयंपाकघरातल्या फळीवर विसरले आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. परत येऊन वाचलं. सगळं इथे लिहीत नाही, माझ्याने लिहवणार नाही. तुझं एक वाक्य होतं, ‘आई आहे तोवर तरी नको.’ त्याच्याखाली त्याचं, ‘आई शनिवारी जाणार आहे.’ बघ, मघापासून ‘ते’ लिहीत होते, आता लिहवत नाही.

मग मी मूर्खपणा केला. चौकटीला विचारलं, ‘मुलीच्या मानेवर बोटांचे वळ, काय करावं?’ काल सकाळी तू कामावर निघालीस आणि त्याने माझा फोन मागितला. म्हणे, हळू चालतोय आई, बघू जरा. त्याने चौकटीवर बोट ठेवलं आणि मी विचारलेलं सगळं एकाखाली एक उघडलं. गुडघ्याचं तेल, करपलेलं भांडं कसं घासावं, आणि सगळ्यांत वर ती ओळ. त्याने वाचलं. घाई केली नाही. काच शर्टाला पुसली, फोन माझ्या हातात दिला आणि मला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “आई, तुम्ही फार शोधता.” हसला. मीही हसले गं!

आज तो त्याच्या औषधांच्या दुकानात गेल्यावर मी माझा फोन उशीखाली ठेवला आणि बाहेर पडले. नकाशातला माझा ठिपका घरीच राहू दे म्हटलं. लोकांना विचारत विचारत, दोनदा चुकत तुझ्या कवळ्या बनवायच्या लॅबपर्यंत आले. रस्त्यात प्रत्येक पाठमोरा माणूस मला तोच वाटत होता. लॅब चालवणाऱ्या बाईंना सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली, पूर्ण वाचलं आणि त्यांचे डोळे भरले. त्यांना सहा महिन्यांपासून संशय होता. विचारलं की तू हसून विषय बदलायचीस.

त्यांनीच मला सांगितलं की कामाला बसल्यापासून उठेपर्यंत त्याचा फोन तुझ्या फोनवर लागलेला असतो, तुझ्या आसपासचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू जातो. माझा आवाज किती मोठा येतो, ते मला कळत नाही. म्हणून वर तुझ्यासमोर न येता खाली त्यांच्या ऑफिसात बसून हे लिहिलं. बाई हे पत्र साच्यांच्या ट्रेमध्ये ठेवून तुझ्यापुढे आणतील. काही बोलू नकोस. फोन टेबलावरच राहू दे. तुझ्या जागी बाई बसतील आणि कवळी घासायचं मशीन चालू ठेवतील, म्हणजे त्याला रोजचा आवाज ऐकू येत राहील. तू मागच्या जिन्याने खाली ये. बाईंची बहीण गाडी घेऊन आली आहे, तिच्या गावी वकीलबाई आपली वाट बघताहेत. कपडे, कागद, काही लागत नाही, तू लागतेस. मला फार भीती वाटतेय ठकू, पण मी इथून हलणार नाही. मी जिन्याकडे पाठ करून रस्त्यावर नजर ठेवून उभी असेन. मागून हाक मारू नकोस, सरळ येऊन माझा हात धर.

तुझीच,
आई