उपटलेलं झाड

ती. आईस, पायाला भिंगरी लागलेल्या तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठीक आहे, खोकलाही जवळजवळ गेला. थंडी सरतेय. बागेतल्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी एक झाड वाळलंय समजून उपटलं. माळीबुवा म्हणाले, "अरे शहाण्या, झोपलेल्याला स्मशानात नेतोस?" नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला आणि माझ्याकडूनच ते परत लावून घेतलं. हाकललं मात्र नाही, देव त्यांचं भलं करो.

आधीची सगळी कामं सोडली तसा मी इथूनही निघणारच होतो. पण झाड जगतंय का ते बघितल्याशिवाय पाय निघेना. आज त्याला कळ्या आल्यात, मुगाएवढ्या, गुलाबी. बघता बघता चहा गार झाला.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून माझं नाव काढत नाहीत का? त्यांना एवढंच सांग, एका जागी तीन महिने झाले.

तुझा,
धाकटा