सतरा नंबरचे ड्रॉइंग

प्रिय फूटपट्टी,

दवाखान्याच्या दारावरचा छज्जा कोसळला आणि त्याखाली झाडूवाली बाई गेली, या घटनेचा दोष तुझा नाही, एवढे एकच मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. तुझे सांत्वन करण्याचा हेतू नाही. ते मला जमत नाही हे तू लहानपणापासून जाणतेस. गुरुवारी तू चौकशी समितीपुढे उभी राहशील. सगळी जबाबदारी आपलीच, असे तू लेखी दिले आहेस. समितीने ते जसेच्या तसे मान्य केले तर आर्किटेक्ट म्हणून तुझी नोंदणी रद्द होईल, नऊ वर्षांत एकटीने उभे केलेले ऑफिस बंद होईल आणि पुढे फौजदारी खटला चालेल. म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

गेल्या मंगळवारी मी तिथे जाऊन आलो. दर्शनी दाराला पत्रा ठोकला आहे आणि रुग्ण मागच्या दाराने आत जातात. त्या इमारतीत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवले. उद्घाटनाला दाढ दुखते म्हणून आलो नव्हतो. दाढ दुखत नव्हती; कारण पुढे येईल. आतल्या लांब बोळात भिंतीला लाकडी कठडा आहे, बरोबर कोपराच्या उंचीवर. तो कागदावर काढण्याआधी तू तीन आठवडे वेगवेगळ्या दवाखान्यांत बाकावर बसून, माणसे थकली की भिंतीला कुठे टेकतात ते मोजत होतीस, आणि तू भेटायला आलीस तेव्हा मी माझ्या सगळ्या ऑफिससमोर म्हणालो होतो की आमची फूटपट्टी आता आजाऱ्यांची कोपरे मोजायला लागली आहे. सगळे हसले, तूही हसलीस. मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ त्या कठड्यावर हात ठेवून, न थांबता, पार टोकापर्यंत चालत गेले. मी पाहत राहिलो. खिडक्यांची उंची, उन्हाची तिरीप, औषधे देण्याच्या खिडकीपुढचा ओटा, सगळे तुझे आहे. माझ्या ऑफिसची सावलीसुद्धा त्यावर नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत, जुन्या दाराच्या फळीचे टेबल करून तू धंदा थाटलास, तेव्हा तुझ्या आईला मी सांगितले होते की सहा महिन्यांत परत येईल. तू आली नाहीस. त्या इमारतीत माझे असे एकच होते, आणि तेच पडले.

समितीच्या प्राथमिक अहवालात छज्ज्याचे वर्णन अचूक आहे. भिंतीतून सात फूट बाहेर आलेला, कडेला अगदी पातळ दिसणारा स्लॅब. वरच्या बाजूला तिन्ही मोकळ्या अंगांनी उभी कड, म्हणजे पाणी ओघळून दर्शनी भाग मळत नाही. आणि ते पाणी वाहून नेणारा, भिंतीत लपवलेला दोन इंची पाइप. पाइप पानांनी तुंबला की वर तळे साचते. ते पाणी भिंतीलगत मुरते, नेमके तिथे, जिथे सगळा भार पेलणाऱ्या सळया असतात. सळया गंजतात आणि खालून काही दिसत नाही. असा छज्जा वाकत नाही, करकरत नाही, एकदम येतो. त्या सकाळी पाऊस नव्हता, वारा नव्हता. बाई पायऱ्या झाडत होती. तिची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच दवाखान्यात शिकाऊ म्हणून येते, हे तुला ठाऊक असेलच. ती त्या दिवशी कामावर होती.

आता सव्वीस वर्षे मागे चल. ते वाचनालय मी बांधले तेव्हा तू शाळेत होतीस. त्याच्या दारावर हाच छज्जा आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला, व्याख्यानांची आमंत्रणे आली, आणि माणसे मला त्या पातळ कडेवरून ओळखू लागली. पाइप दोन इंचीच ठेवला, कारण मोठा घेतला तर भिंत जाड होत होती आणि रेषा बिघडत होती. ते ड्रॉइंग ऑफिसच्या कायमच्या फाइलमध्ये, म्हणजे पुढच्या कामांतही वापरायच्या ड्रॉइंगांमध्ये, सतरा नंबरला लावले.

आठ वर्षांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांनी कळवले की छज्ज्याच्या मुळाशी केसाएवढी भेग दिसते. मी आमच्या जुन्या गवंड्याला घेऊन गेलो. गवंड्याच्या लंबकावरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. पण आयुष्यात कधी सरळ उभा राहिला नाही, भिंतीला टेकूनच बोलायचा. त्याने वर चढून घोटाभर पाणी उपसले, छिन्नीने मुळाशी फोडले आणि मला वर बोलावले. सळईचे पापुद्रे नखाने निघत होते. ओळंबा उरलेल्या पाण्यात उभा होता, भिंत ओली असल्याने टेकायची सोय नव्हती, म्हणून असेल, पण त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, कागदावर पाणी कधी तुंबत नाही, नाही का?”

आम्ही नव्या सळया घातल्या, मुळाशी आतून लोखंडी आधार दिला, आणि समोरच्या कडेला मूठभर आकाराची तीन भोके पाडली. पाइप तुंबला तरी पाणी भोकांतून बाहेर पडेल आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर ओघळून ओरडून सांगेल की वर काहीतरी बिनसले आहे. इलाज एवढाच होता. तीन भोके. कामाच्या वहीत मी स्वतः लिहिले: रंगकाम व किरकोळ दुरुस्ती. ओळंब्याला गप्प राहायला सांगावे लागले नाही. त्याला कोणी विचारलेच नाही. आता तो हयात नाही.

फाइलबाबतचा नियम तुला तोंडपाठ आहे, कारण सात वर्षे मी तो तुझ्याकडून पाळून घेतला. कायमच्या ड्रॉइंगवर खाडाखोड करायची नाही. बदल करायचाच तर लाल शाईने, आणि खाली तारीख, कारण व सही. मी लाल पेन घेऊन सतरा नंबरपुढे बसलो होतो. भोके काढायला दोन मिनिटे लागली असती. पण ‘कारण’ या शब्दापुढे काय लिहायचे? ‘पाणी साचून सळया गंजल्या’ असे लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येकाने ते वाचले असते. मी पेन बंद केले. इमारत दुरुस्त केली, कागद तसाच ठेवला. दोन वर्षांनी तू ऑफिसात आलीस. तुला हे माहीत असण्याचा काहीच मार्ग नव्हता.

यावर तू काय म्हणशील ते मला दिसते, कारण ते मीच तुला शिकवले आहे: ज्याची सही, त्याची जबाबदारी. विधान बरोबर आहे, पण अपुरे आहे. माणूस जबाबदार असतो तो त्याला जे माहीत होते किंवा सावधपणे चौकशी करून कळू शकले असते तेवढ्यालाच. तेव्हा प्रश्न उरतो तो इतकाच, की तू चौकशी केली होतीस का.

तुझी आई रविवारी आली होती. मी समितीपुढे तुझ्या बाजूने दोन शब्द बोलावेत म्हणून. मी तिला समितीची कार्यपद्धती समजावून सांगू लागलो. ती उठली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “दादा, तुझ्याशी बोलायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं. माझी पोर जेवत नाही रे.” चहा न घेता गेली. तिला यातले काही ठाऊक नाही. ती गेल्यावर मी समितीकडून आलेले पाकीट उघडले. मूळ ड्रॉइंग आमच्या ऑफिसचे होते का, अशी त्यांनी विचारणा केली होती आणि सोबत तुझा जबाब जोडला होता. त्याच्या दुसऱ्या पानावर वाक्य आहे: ‘छज्ज्याच्या रचनेबाबत मी कोणाचाही सल्ला घेतला नव्हता.’

हे वाक्य खोटे आहे, आणि ते तू कोणासाठी लिहिलेस ते मला कळते. नोकरी सोडण्याच्या आठवड्यात तू फाइलच्या प्रती मागितल्यास. मी परवानगी दिली. तू सतरा नंबर वेगळा काढून माझ्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, “मामा, बाकीची मी माझ्या पद्धतीनं बदलेन. हे एक जसंच्या तसं नेते, ते मला फार आवडतं. यात काही बदलायचं आहे का?” मी पेन्सिलीला टोक करत होतो. वर पाहिले नाही. उद्घाटनाला मी का आलो नाही, तेही आता तुला कळेल: त्या दारात उभे राहून वर पाहावे लागले असते.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्याची प्रत, मूळ ड्रॉइंग आणि कामाच्या वहीचे ते पान समितीकडे पोचलेले असेल. तुला अडवता येऊ नये म्हणून आधी तिकडे पाठवले. असाच छज्जा असलेल्या आणखी पाच इमारतींची यादी नगरपालिकेला दिली आहे. काल दोन ठिकाणी मी स्वतः शिडी लावून पाहिले. दोन्हीकडे पाणी होते. दारे बंद करून घेतली आहेत. माझी नोंदणी मी परत केली; निवृत्त माणसाने ती परत करण्यात त्याग काही नाही. त्या बाईच्या मुलीला काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही, आणि ते सुचेपर्यंत मी तिच्यासमोर जाणार नाही. तू गुरुवारी फक्त तुझा जबाब दुरुस्त कर. ते वाक्य तसेच ठेवलेस तर समिती दोघांपैकी एकाला खोटे ठरवेल, आणि माझ्या वयाच्या माणसाच्या सभ्यतेवर विश्वास ठेवण्याची लोकांना वाईट सवय असते. हे पत्र त्यासाठी लिहिले.

खालची कबुली समितीला दिलेल्या प्रतीतही अशीच आहे.

यात काही बदलायचे आहे का, असे माझ्या भाचीने मला स्पष्ट शब्दांत विचारले होते. बदलायचे आहे हे मला तेव्हा नऊ वर्षांपासून माहीत होते. मी ‘नाही’ म्हणालो.

तुझाच,
मामा