पाठ माझी, निर्णय ह्यांचा

१४ नोव्हेंबर
घरात मणक्याचा सर्जन, आणि नस दबली ती बायकोचीच! डाव्या पायात आग उतरते. आज पायाचा अंगठाही वर उचलेना. युनिव्हर्सिटीत शिकवता शिकवता टेबल धरून खाली बसले. मुलं धावली.

ह्यांनी माझा एमआरआय पाहिला. माझ्याकडे नाही पाहिलं. लगेच जुन्या मित्राला, ढिल्लोंना फोन — "सोमवार को कर दे यार, ओपन." म्हणजे पाठ मोठी चिरून. मला विचारलं कुणी?

१५ नोव्हेंबर
मग मीच विचारलं. "मधुरिमा बारीक छेदातून करते ना?"
हे हसले. "कुलपाच्या भोकातून घर झाडता येतं का?"

मधुरिमा ह्यांचीच विद्यार्थिनी. नवी पद्धत शिकून आली, ह्यांच्याशी वाद घातला, आणि ह्यांनी तिला विभागात टिकू दिलं नाही. आता शेजारच्या मोहालीत असते. तिचं नाव काढायचं नाही ह्या घरात.

गंधारला बंगळुरूला फोन केला. "मम्मा, पापा एक्सपर्ट हैं. मान जाओ ना." मी मराठीत रडले, लेक हिंदीत समजावत राहिला.

१६ नोव्हेंबर
गेले! एकटीच, ऑटोने. प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता.

मधुरिमाने आधी पाय तपासला, मग फिल्म. "मॅडम, पाठीचे स्नायू हाडापासून सोडवायचेच नाहीत. त्यांच्या धाग्यांमधून हळूहळू वाट करायची, नळी सरकवायची, मायक्रोस्कोपखाली नस मोकळी करायची. नळी काढली की स्नायू परत मिटतात."
"धोका?"
"आहे ना. दिसतं कमी. अडलं तर छेद वाढवेन. पण अंगठ्यातली ताकद चाललीय, थांबू नका." मग जरा चाचरत — "सरांना माहितीय?"
"पाठ माझी आहे," म्हटलं.

१७ नोव्हेंबर
सांगितलं. "माझी अब्रू घालवतेस! लोक म्हणतील, बायकोचाच ह्याच्यावर विश्वास नाही."
पाय कसा आहे, हे नाही विचारलं.

१९ नोव्हेंबर
उद्या ऑपरेशन. हे येणार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाताई येतील.

२१ नोव्हेंबर
झालं! काल संध्याकाळीच चालवलं मला. पायातली आग गेली — खरंच गेली! अंगठा अजून आळशीच; मधुरिमा म्हणते, त्याला वेळ लागेल. जखम केवढीशी — सुशीलाताईंना आधी पट्टीच दिसेना.

दारात पाऊल वाजलं की मान वळत होती माझी. मूर्ख बाई! दर वेळी नर्सच.

८ डिसेंबर
ढिल्लों सपत्नीक आले. मी उठून दार उघडलं, तर बघतच राहिले. "भाभीजी, कमाल है!"

हे सोफ्यावरून म्हणाले, "मैंने ही कहा था, ओपन मत कराओ. मधुरिमा को सिखाया किसने?"

ढिल्लोंनी चहाच्या कपात डोळे घातले. त्यांना सगळं ठाऊक. आणि ह्यांचा चेहरा? शांत. स्वतःलाच पटलेलं होतं!

मी बिस्किटं पुढे केली. एवढी वर्षं केली, तशीच.

१९ जानेवारी
शहराच्या कडेला, मनीमाजऱ्यात भाड्याने खोली घेतली. ह्यांना तोंडावर सांगून निघाले. "जाशील कुठे?" म्हणाले.
घरमालकीण विचारत होती, "जी, दूसरी मंज़िल है. चढ़ लोगे?"
चढले.