पाच तारखेची पाहुणी

भाईंदर (पूर्व)
२० नोव्हेंबर १९९४

चि. सुलूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फराळाचा डबा दोन्ही पोचली. कडबोळ्यांचा पार चुरा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला, पण टाकला नाही. चकलीत मात्र तुझा हात अजून आखडतोच. तिखट कोणाच्या लग्नासाठी राखून ठेवतेस गं?

इकडे सगळं ठीक. हरी आणि शुभदा सकाळी सातला बाहेर पडतात ते दिवेलागणीला परत. रुचिता पाचवीत गेली, उंचीने माझ्या खांद्याला लागली. माझ्या तब्येतीचं विचारलंस. म्हाताऱ्या माणसाची कसली मेली तब्येत! आहे तशी आहे.

जूनमध्ये आम्ही पुन्हा जागा बदलली, तुझा डबा जुन्या पत्त्यावरून फिरून आला. पत्ता मागे लिहिलाय. गिरगावची खोली विकून फ्लॅट बुक केला, आणि बिल्डर चौथा स्लॅब टाकून जो गायब झाला तो अजून गायबच, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून हे तिसरं भाड्याचं घर. अकरा महिने झाले की करार संपतो, मांजरीने पिल्लं हलवावी तसं बिऱ्हाड हलवायचं. हे घर गोडदेवच्या बाजूला आहे, तिसरा मजला, जिना अरुंद. गॅलरी आहे, पण एवढीशी, दोन कुंड्या ठेवल्या की संपली.

मालकीण हंसाबेन. वाईट नाही हो बाई. पण तिने घर देतानाच सांगितलं होतं, घरात म्हातारं माणूस नको. आधीच्या भाडेकरूचे वडील आतल्या खोलीतच वारले, मग पुढचे आठ महिने कोणी घर घेईना. यायचे, बिल्डिंगमध्ये चौकशी करायचे आणि परत फिरायचे. बिचारीने पूजा केली, रंग काढला, तरी तेच. "मेरी बेटी की शादी इसी घर पे है, हरीभाई," म्हणाली, म्हणजे ह्याच घराच्या भाड्यावर. तेव्हा हरी म्हणाला, आम्ही तिघंच आहोत. चौथं माणूस खाली नारळवाल्याशेजारी पिशव्या सांभाळत उभं होतं.

म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला मी पाहुणी असते. हंसाबेन भाडं न्यायला येते ना, तेव्हा. दाराजवळ माझी बॅग भरून ठेवलेली असते, दोन पातळं, औषधांचा डबा आणि तू दिलेली निळी शाल. बेल वाजली की मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन सोफ्याच्या कडेला टेकते, बॅग पायाशी. "आजच आले, परवा जाणार." रुचितालाही शिकवलंय. पहिल्यांदा ती फिस्सकन हसली होती. आता इतक्या सरळ चेहऱ्याने सांगते, की मलाच कसंतरी होतं.

तू दर पत्रात बोलावतेस. पण तुझ्या त्या आडगावात अर्धा दिवस वीज नाही, डॉक्टर नाही, तिथे कोण राहायला येतंय बाई! लेकाचं घर आहे, नातीचं तोंड दिसतं. चाललंय.

तुझी,
अक्का


भाईंदर
२२ जानेवारी १९९५

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ पाठवला नाही, कारण केलाच नाही. मन लागलं नाही.

ह्या पाच तारखेला हंसाबेन दारातच थबकली. "माजी, हजी गया नथी?" म्हणजे अजून गेला नाहीत? मी म्हटलं, नातीने आग्रह केला, संक्रांत करून जाते. तिने माझ्या हातावर चिक्की ठेवली आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी पाय पातळाखाली ओढून घेतले. पायांना थोडी सूज असते हल्ली, थंडीची.

खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्या खालच्या मजल्यावर गुणवंत म्हणून भाडेकरू आहे. त्याचे वडील बाबाजी. ते खालच्या गॅलरीत, मी वरच्या, असं आमचं दुपारचं बोलणं चालायचं. तेही त्यांच्या घरात पाहुणेच होते. "काय अक्का, कधी निघताय?" असं ते विचारायचे आणि आम्ही दोघं हसायचो. पंच्याऐंशीचं माणूस, दात नाही एक, पण हसणं कसं मोकळं.

मंगळवारी दुपारी जिन्यात खुर्ची आपटल्यासारखा आवाज झाला. मी वाकून बघितलं. गुणवंत आणि त्याचा मेहुणा बाबाजींना हातांच्या खुर्चीत बसवून खाली रिक्षाकडे नेत होते. माकडटोपी, मफलर, सगळं नीट. मफलर खुर्चीच्या पाठीशी बांधलेला. गुणवंत मोठ्याने बोलत होता, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, "बाबा, घाबरू नका हं, इंजेक्शन दिलं की बरं वाटेल." बाबाजींचा चष्मा घसरून ओठांवर आला होता. तो सावरायला हात वर गेला नाही. एक चप्पल गळून पडली. ती कोणी पायात घातली नाही.

मी आमच्या ह्यांना जाताना पाहिलंय, सुलू. मला कोणी सांगायला नको.

संध्याकाळी निरोप आला, दवाखान्यात नेताना गेले. तिकडूनच परस्पर स्मशानात नेलं. सगळी बिल्डिंग "अरेरे" म्हणाली आणि सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. गुणवंतची बायको जिन्यात पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, तिला घरात रडायचीही सोय नाही. माणूस गेला त्या जागी दिवासुद्धा लावला नाही त्यांनी. मालकाला कळलं असतं.

मी अजून दुपारी खाली वाकते, सवयीने.

तुझी,
अक्का


भाईंदर
१२ मार्च १९९५

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

तब्येतीचं लपवते म्हणून रागावलीस. बरोबर आहे तुझं. तर ऐक. काळीज थकलंय, छातीत पाणी होतंय. जिना उतरवत नाही, बसल्या बसल्या धाप लागते. डॉक्टर घरी येऊन गेला. बाहेरच्या खोलीत हरीने हळूच विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "सांगता येत नाही. घरीच ठेवा, सेवा करा."

घरी, म्हणाला. कोणाच्या घरी, बाबा?

एप्रिलअखेर करार संपतोय. रुचिताची शाळा इथेच रुळलीय, म्हणून हरीने हंसाबेनला आणखी अकरा महिने मागितले. पाच तारखेला ती हो म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण माजी तो मेहमान है ना, हरीभाई?" हरी म्हणाला, "हां, मेहमान." माझ्यासमोर म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

आणि परवा हरीने खुर्ची आणली. प्लॅस्टिकची, चॉकलेटी, हातांची. "आई, तुला गॅलरीत बसायला," म्हणाला. गॅलरीत ती मावत नाही. त्याने उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली. दोन कुंड्यांची गॅलरी, ती काय वाढणार आहे? शुभदा म्हणाली, "परत देऊन स्टूल आणूया का?" तर एकदम ओरडला तिच्यावर, "राहू दे!" कधी ओरडत नाही गं तो. खुर्ची दाराजवळ ठेवली, माझ्या बॅगेशेजारी. मग चहा प्यायला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

कदाचित खरंच बसायला आणली असेल. देव करो आणि तसंच असो. पण मी काही तिच्यात बसले नाही.

मला राग आला, सुलू. भयंकर राग आला. ज्याला ह्या मांडीवर वाढवला तो माझ्यासाठी खुर्ची बघून ठेवतोय! दिवसभर धुमसत होते. मग तो संध्याकाळी आला, दारात चपला काढताना त्याची नजर खुर्चीवर गेली, आणि चेहरा असा झाला त्याचा, की माझा राग कुठच्या कुठे गेला. गाठीचं सगळं त्या बिल्डरच्या घशात गेलं. माझा पोरगा करील काय?

मरायला मी भीत नाही. त्या जिन्याला भिते. हरी मोठमोठ्याने म्हणेल, "आई, घाबरू नको हं," आणि मग जन्मभर त्याला तो स्वतःचा आवाज ऐकू येत राहील. वरून रुचिता बघेल. कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते तिला पाठच आहे.

म्हणून आता मी सांगते तसं कर. तू आजारी पड.

हरीला पत्र लिही, मला नको. न्हाणीघरात घसरलीस, पाय मोडलाय, करायला कोणी नाही, अक्काला दोन महिने पाठव, असं लिही. नुसतं "ये" म्हणालीस तर तो पाठवणार नाही. आईला घालवली असं त्याच्या मनात राहील. बहीण अडलीय, म्हणून मी हट्टाने निघाले, असं झालं पाहिजे. आणि जरा नीट आजारी पड. खोटं बोलताना तू लहानपणापासून फार बोलतेस, तिथेच पकडली जातेस. चार ओळी पुरेत. तुझ्या मुलाला मला न्यायला पाठव. प्रवास झेपेल का ते विचारू नकोस. झेपेल.

तुझ्या गावाला मी फार नावं ठेवली. ती सगळी परत घेते.

पत्र पाच एप्रिलच्या आत येऊ दे. हंसाबेन येईल, विचारील, आणि मी म्हणेन, "निघालेच." एकदा तरी त्या बाईशी खरं बोलेन म्हणते.

मला पडवीत नको ठेवूस. माजघरात ठेव, चुलीचा आवाज येईल अशी. आणि मी गेले की मोठ्याने रड, सुलू. पार पलीकडच्या वाडीत ऐकू जाऊ दे. त्या जागी दिवा लाव, आणि कोणी विचारलं तर सांग, माझी बहीण इथे गेली, ह्या घरात.

हे पत्र रुचिताच्या हाती पेटीत टाकतेय. माझी काही तयारी करायची नाही. बॅग भरलेलीच आहे.

तुझ्या घरची,
अक्का