झाकणाचा फोटो

३ जुलै २०२५

आज परत अपूर्व सरांची कटकट. नगर परिषदेचं फेसबुक पेज मी सांभाळते, म्हणून सगळा दोष माझा. "चोवीस तासात तक्रार निकाली निघाली पाहिजे." पेजवर निघतेच ना — गल्लीत कोण पाहायले जाते? माझं कंत्राट सप्टेंबरपर्यंतच आहे.

५ जुलै

इंदुताई म्हणून एक रिटायर मास्तरीण आहे. रोज सकाळी तिचा एकच फोटो — विहाराच्या मागच्या गल्लीतलं गटाराचं चेंबर, झाकण गायब, आत खोचलेली तुराटी अन् तिले बांधलेली लाल चिंधी. खाली लिहिते, "आज नववा दिवस." मी रोज तेच चिपकवते — 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. धन्यवाद.' वरून जोडलेले हात. मले माझीच किळस येते.

बाबांचं वेगळंच. मी पेजवर काही टाकलं की पहिला अंगठा त्यांचा. दर रविवारी विहारात वंदनेले जातात, तिथं लोकांले फोन दाखवतात — "हे माह्या पोरीनं लिहिलं." इंदुताईचा फोटो पाहिल्यापासून ती गल्ली सोडून मेन रोडनं फिरून जातात. गुडघे दुखतात तरी.

९ जुलै

तेरावा दिवस. इंजिनियर म्हणे, झाकणं स्टॉकमध्ये नाहीत. सर म्हणे, "तो पिवळ्या नंबरवाला फोटो टाकून दे."

पिवळा नंबर घातलेलं कोरं झाकण, मोठ्या लोकांच्या कॉलनीतलं. यंदा पाच गल्ल्यांत तेच बसवलं आम्ही — फोटोत!

टाकला. 'झाकण बसवले. तक्रार निकाली.' मिनिटभरात बाबांचा अंगठा. फोन उलटा करून ठेवला.

१० जुलै

इंदुताईनं खाली लिहिलं, "बाई, हे झाकण आमच्या गल्लीतलं नाही. एकदा येऊन तर पाहा." सरांनी वाचलं. "उडव तिच्या कमेंटी अन् ब्लॉक कर." काहून करू, असं विचारायचं होतं. ब्लॉक केलं.

११ जुलै

लोकसहभागात आपलं पेज जिल्ह्यात पहिलं! सरांनी आलूबोंडे मागवले. "एकही तक्रार बाकी नाही," सांगत फिरून राहिले होते. माझं कंत्राट वाढणार म्हणे. मी दोन आलूबोंडे खाल्ले. गेले घशाखाली, लाज नाही वाटली.

१२ जुलै

दिवसभर पाऊस. गल्ल्यांत घोट्याच्या वर पाणी. इंदुताईची तुराटी उभी असेल का?

१३ जुलै, रविवार

बाबा दवाखान्यात. मांडीचं हाड मोडलं, उद्या ऑपरेशन. पाण्यात चेंबर दिसलंच नाही त्यायले. इंदुताईनं आरडाओरडा करून माणसं जमवली, तेव्हा कुठं बाहेर काढलं.

मी विचारलं, "बाबा, त्या गल्लीतून काहून गेले?"

म्हणाले, "तूच त लिहिलं होतं ना वं, झाकण बसवलं म्हणून."